आगरांतला चैत्र

वसंत म्हटला म्हणजे आम्हां सुशिक्षितांच्या मनापुढें जें चित्र उभें राहतें, तें बहुतेक पुस्तकांतून आलेलें असतें. निष्पर्ण वृक्षांस तांबूस पालवी फुटलेली आहे, पळस पेटलेला आहे, आंब्याच्या मोहोरावर भुंगे गुंजारव करीत आहेत आणि दूर कोठें तरी कोकिळ ओरडत आहे. हें चित्र खोटें आहे असें कोण म्हणेल? सह्याद्रीच्या उतारावरील पानझडी रानांत तें दरवर्षीं अक्षरशः पाहावयास मिळतें. परंतु ज्यांचें बालपण कोंकणच्या किनाऱ्यावरील एखाद्या नारळी-पोफळीच्या आगरांत गेलें आहे, त्यांस हें वर्णन आपलें वाटत नाहीं. आगरांत पानगळ अशी होतच नाहीं. तेथें माघांत जितकें हिरवें, तितकेंच वैशाखांत. ज्या ठिकाणीं शिशिर नाहीं त्या ठिकाणीं वसंत ओळखावा कशावरून, असा प्रश्न शहरांतल्या पाहुण्यांनीं आम्हांस पुष्कळदां विचारला आहे. उत्तर एवढेंच कीं, तेथें वसंत नजरेसमोर येऊन उभा राहत नाहीं. कधीं मान वर करून, कधीं खालीं वांकून तो शोधावा लागतो. आणि मुख्य म्हणजे त्याला पाणी घालावें लागतें.

आमचें वडिलोपार्जित आगर श्रीवर्धन येथें आहे. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या भट घराण्याचें हें मूळ गांव, म्हणून इतिहासप्रेमी वाचकांस तें ठाऊक असेल. १९४८ पर्यंत तें जंजिरा संस्थानांत मोडत असे. आतां रायगड जिल्ह्यांतील तें तालुक्याचें ठिकाण आहे. ज्यांस इतिहासाची गोडी नाहीं त्यांस श्रीवर्धन तेथल्या रोठा सुपारीमुळें माहीत असतें, आणि आमच्या मतें गांवाची ही दुसरी कीर्ति पहिलीहून कमी मोलाची नाहीं. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें निवडलेल्या सुपारीच्या वाणाचें नांवही ‘श्रीवर्धनी’ असेंच आहे.

शके १९४७ चा पाडवा ता. ३० मार्च २०२५ रोजीं होता. त्याच्या आदल्या दिवशीं आम्ही पुण्याहून निघालों. ताम्हिणी घाट उतरून माणगांवास आलें, कीं तेथून म्हसळ्यावरून श्रीवर्धनास जावें लागतें. हा रस्ता वळणावळणांचा आहे व पुस्तकी वसंत ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनीं तो याच टापूंत पाहून घ्यावा. सांवरीचीं फुलें सरलीं होतीं, पण पांगारा अजून लाल होता. आणि कुसुंबाच्या झाडांस जी कोंवळी पालवी फुटली होती, तिचा रंग पाहून आमच्या गाडींतल्या मुलांनीं ‘हीं कसलीं फुलें?’ म्हणून विचारलें. तीं फुलें नव्हेत, पानें आहेत, हें त्यांस पटेना. शेवटीं गाडी थांबवून एक डहाळी हातांत द्यावी लागली. म्हसळें मागें पडलें, वाऱ्याला खारा वास येऊं लागला, आणि रानाच्या जागीं जांभ्या दगडाचे गडगे व त्यांवरून डोकावणारे माड दिसूं लागले.

ज्यांनीं आगर पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. घराचें तोंड पाखाडीकडे. मागें पडवी, पडवीमागें विहीर आणि विहिरीपासून थेट समुद्राच्या वाळूपर्यंत गेलेली एक लांबट, अरुंद पट्टी, हेंच आगर. आमचें आगर तीस गुंठ्यांचें आहे. सर्वांत उंच माड, त्यांच्या खालीं नऊ-नऊ फुटांवर सरळ ओळींत पोफळी, पोफळींच्या बुंध्यांवर चढविलेल्या मिरवेली, त्यांच्या सावलींत जायफळ व कोकम, आणि अगदीं खालीं केळी, हळद व अळू. एका जागेंत चार मजले शेती चाललेली असते. विहिरीवर पूर्वी रहाट होता. त्याच्या मडक्यांतून पडणारें पाणी पन्हळींतून पाटांत व पाटांतून आळ्यांत जाई. रहाट जाऊन तेथें विजेचा पंप बसला त्यास आतां पुष्कळ वर्षें झालीं; पाट मात्र तेच आहेत. कार्तिकापासून मृगापर्यंत शिंपण चुकलें कीं पोफळ सुकली, हा नियमही तोच आहे. रानांतला पळस कोणाच्या भरंवशावर फुलत नाहीं. पोफळ माणसाच्या भरंवशावर जगते.

हें इतकें सांगण्याचें कारण असें कीं, पांच वर्षांपूर्वीं या चार मजल्यांपैकीं वरचे तीन एका दुपारांत कोसळले.

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. तिथि ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. करोनाच्या टाळेबंदीमुळें आम्ही सर्व आपापल्या शहरांत अडकून पडलेलों, आणि घरीं होत्या फक्त आमच्या थोरल्या काकू व आगर राखणारें जोडपें. तिघांनीं माजघरांत बसून तो दिवस काढला. कौलें पत्त्यांप्रमाणें उडालीं, पडवीचें छप्पर शेजारच्या आगरांत जाऊन पडलें. पण काकूंच्या सांगण्यांत या गोष्टी नेहमीं मागाहून येतात. प्रथम त्या आवाजाची गोष्ट सांगतात. माड मोडतो तेव्हां एकदांच मोठा आवाज होतो. पोफळ मोडते ती कडकन्, काठी मोडावी तशी. आणि त्या दिवशीं तो कडकडाट तासन् तास थांबला नाहीं. सकाळीं लहान-मोठ्या तीनशें बारा पोफळी होत्या. संध्याकाळीं काकूंनीं दारांत उभें राहून मोजल्या त्या सतरा. माड निम्मे वांचले. काकू म्हणतात, सर्वांत वाईट काय वाटलें असेल तर पडवींतून समुद्र दिसला तें. लग्न होऊन त्या या घरांत आल्या त्यास त्या वेळीं पंचावन्न वर्षें झालीं होतीं, आणि पडवींतून समुद्र त्यांनीं कधींही पाहिला नव्हता.

त्या संकटांत आम्ही एकटे नव्हतों, हें सांगणें न लगे. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, हर्णै, केळशी या साऱ्या किनाऱ्यावर पोफळीचीं आगरें झोपलीं. भाताचें पीक गेलें तर पुढच्या वर्षीं पुन्हां पेरतां येतें. पोफळीची गोष्ट तशी नाहीं. रोप लाविल्यापासून पहिली पोय दिसावयास पांच-सहा वर्षें लागतात, आणि झाड भरास यावयास त्याहून अधिक. साठ वर्षांच्या मनुष्यानें पोफळ लावावयाची म्हणजे ती दुसऱ्या कोणासाठीं तरी लावावयाची.

साहजिकच आगर विकण्याची गोष्ट निघाली. सात-बाराच्या उताऱ्यावर चौदा नांवें. त्यांपैकीं चौघे मुंबईस, पांच पुण्यास, दोघे बंगळुरास, दोघे परदेशांत आणि श्रीवर्धनास एकट्या काकू. समुद्राला लागून असलेली मोकळी जमीन पर्यटकांच्या निवासासाठीं हवी असणारें गिऱ्हाईकही लौकरच पुढें आलें. आमच्या थोरल्या बंधूंनीं हिशेब मांडून दाखविला, आणि तो हिशेब चुकीचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. मजुरी, वीज, खत व घराची डागडुजी यांची बेरीज सुपारी-नारळाच्या उत्पन्नाहून वादळापूर्वींही फारशी कमी नव्हती. आतां तर उत्पन्नाची बाजू कोरी झाली होती. दूरध्वनीवर सगळ्यांचें बोलणें होऊन विषय काकूंपर्यंत गेला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाल्या, “विकायचें तें पाऊस सरल्यावर विका. आतां रोपें लावायचे दिवस आहेत.”

ह्या उत्तरापुढें कोणासच कांहीं बोलतां येईना. पडून राहिलेलीं बेडीं आगरांत आपोआप रुजतात. एरवीं तीं रोपें उपटून टाकतात किंवा शेजाऱ्यांस देतात. त्या आषाढांत काकूंनीं आडव्या खोडांच्या खालून तीं एकेक करून सोडविलीं. राखणदार व त्याची बायको यांनीं जुन्या ओळी दोरी लावून पुन्हां आंखल्या व दोनशें चाळीस रोपें लाविलीं. पाऊस सरला तेव्हां विक्रीचें बोलणें पुन्हां निघालें. पण जमिनींत जिवंत रोपें असतांना सही करावयास कोणाचा हात पुढें होईना. ‘रोपांचें काय होतें तें पाहूं’ एवढ्यावर विषय थांबला. तो मिटला असें मात्र कोणी मानलें नाहीं.

रोपें लावणें सोपें होतें. खरें अवघड गेलें तें ऊन. पोफळ ही सावलींतली बाई. लहानपणीं तिला उघडें ऊन सोसत नाहीं आणि मोठेपणींही दक्षिण-पश्चिमेचें ऊन खोडावर पडत राहिलें तर तें अंग करपतें, सालीस चिरा जातात व एके दिवशीं झाड तेथेंच मोडतें. वादळांतून वांचलेल्या सतरा पोफळी अशाच एकट्या पडल्या. त्यांच्या खोडांस विऱ्या बांधल्या, चुना फांसला. तरी दोन उन्हाळ्यांत आठ गेल्या. रोपांसाठीं दक्षिणेकडून केळीची दाट रांग लावली, आणि या केळींनींच आमचें आगर वांचविलें असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याच्या बाजूनें उत्तरेस गेलें तेव्हां केळी आडव्या झाल्या, पण पुन्हां फुटल्या. केळीचा हा गुण घ्यावा तेवढा थोडा. पांच वर्षांत एकूण एकोणसाठ रोपें मेलीं. उरलेल्या एकशें एक्याऐंशींस कार्तिकापासून मृगापर्यंत एक दिवसाआड पाणी मिळालें आहे. वीज नव्हती त्या दिवसांतही ती पाळी चुकली नाहीं. राखणदारानें व त्याच्या बायकोनें विहिरींतून कळशांनीं पाणी ओढलें. आमच्या घरांत ‘आम्हीं आगर जगविलें’ असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां ही गोष्ट आम्ही मुद्दाम बोलून दाखवितों.

असो. पाडव्याच्या पहांटे आम्ही जागे झालों ते दयाळ पक्ष्याच्या शिळेनें. वादळांत शेंडा उडालेले तीन माड अजून तसेच बोडके उभे आहेत. पडझडीच्या भीतीनें ते तोडावेत असें आमच्या बंधूंचें मत. पण त्यांतल्या एकाच्या ढोलींत राघूंनीं घर केलें आहे व पिलें उडून जाईपर्यंत कुऱ्हाड लावूं देणार नाहीं, असा काकूंचा हुकूम आहे. गुढीस कडुलिंबाचा डहाळा बांधून, पूजा आटोपून, सर्व मंडळी आगरांत उतरली.

कोकमाला बारीक हिरवीं फळें लोंबत होतीं. रातांबे पिकावयास अजून महिना होता. फणसाच्या बुंध्याशीं कुयऱ्या धरल्या होत्या; त्यांतल्या दोन दुपारच्या भाजीस लागल्या. परसांतल्या रायवळ आंब्याखालीं वाऱ्यानें पडलेल्या कैऱ्या वेंचण्यावरून मुलांत जें युद्ध झालें, त्याचें वर्णन न करणेंच बरें. हापूस मात्र एका बाजूनेंच धरला आहे. दुसऱ्या बाजूचा मोहोर ढगाळ हवेंत तुडतुड्यांनीं खाल्ला.

जायफळाची गोष्ट वाचकांस मौजेची वाटेल. जायफळांत नराचें झाड वेगळें व मादीचें वेगळें असतें. आमच्या आगरांत तीन माद्या व एक नर होता. वादळांत नर गेला. शेजारच्या आगरांतलेही गेले. सावली हरपल्यामुळें माद्यांचीं पानें करपलीं, एक मेली, उरलेल्या दोन हळूहळू सांवरल्या व २०२२ सालीं फुलल्याही. पण फळ एकही धरेना. काकू दररोज सकाळीं झाडाखालीं जाऊन पाहात व परत येत. पुढें आमच्या एका भाच्यानें नर झाडाची डोळकाडी मिळवून, त्यांतल्या एका मादीच्याच फांदीवर कलम बांधलें. आतां एकाच झाडावर दोन्ही संसार आहेत. या चैत्रांत पानाआड सुपारीएवढालीं पिवळसर हिरवीं फळें दिसलीं. आम्हीं मोजूं लागलों तर काकूंनीं हात धरला. फळ मोजल्यास गळतें, असा त्यांचा समज आहे. आमचा नाहीं, तरीही आम्हीं मोजणें थांबविलें.

पण ज्यासाठीं सगळे आले होते ती वस्तु निराळीच होती. फाल्गुनांत काकूंनीं कळविलें होतें कीं, रात्रीं विरी पडल्याचा आवाज ऐकूं येऊं लागला आहे. पोफळीची झावळी सुकली म्हणजे आपल्या रुंद विरीसकट खोडापासून सुटते आणि धप्पकन् खालीं येते. मोठ्या आगरांत रात्रभर हा आवाज चाललेला असतो. आमच्या पिढीला त्याच आवाजांत झोंप येत असे. वादळानंतर आगर मुकें झालें होतें. आतां या नव्या झाडांस खोड आलें, खोडावर कंगोरे पडले, आणि खालच्या झावळ्या मोठ्यांसारख्या गळूं लागल्या. मौज अशी कीं, पोफळीची पोय त्या झावळीच्या बगलेंतच दडलेली असते. विरी गळून पडली म्हणजे ती उघडी होते. मग तिचें वेष्टण फाटतें व आंतून मलईच्या रंगाचा तुरा बाहेर येतो. त्याच्या बारीक शाखांवर टोंकांकडे नर फुलें, अगदीं चिमुकलीं व मंद वासाचीं. आणि बुडाशीं थोडीं, टपोरीं, मादीचीं. सुपारी धरते ती या बुडाशींच्या फुलांपासून. रानांत आधीं पालवी येते व मग तिचें कौतुक होतें. आगरांत मात्र पान गळाल्याचा आवाज ऐकून माणसें उठून बसतात.

आमच्या थोरल्या बंधूंनींच प्रथम मोजणी सुरू केली. ज्यांनीं पांच वर्षांपूर्वीं विक्रीचा हिशेब मांडला होता तेच हातांत वही घेऊन ओळीओळींतून फिरूं लागले, हें पाहून वहिनी पदराआड हंसत होत्या. विहिरीकडच्या ओळींत पाणी अधिक मिळतें, तेथें पोया अधिक. समुद्राकडच्या ओळींत एकही नाहीं. बंगळुराहून आलेल्या आमच्या पुतणीनें खोडावरचीं वलयें मोजून झाडाचें वय काढतां येतें का, असा प्रश्न केला. एक झावळी गळाली कीं एक वलय. वर्षांत पांच-सहा झावळ्या गळतात. म्हणून वलयांस तेवढ्यानें भागलें कीं खोड फुटल्यापासूनचीं वर्षें येतात. तिनें वांचलेल्या नऊ म्हाताऱ्यांपैकीं एकीचीं वलयें हात पोंचेल तितकीं मोजलीं आणि पुढचीं दुर्बिणींतून मोजतां मोजतां तिची मान अवघडली. नव्या झाडांचीं वलयें अजून तिच्या गुडघ्यापर्यंतच होतीं. एकूण बावीस पोया भरल्या. एकशें एक्याऐंशींत बावीस.

यांतल्या पुष्कळ फुलांचें फळ होणार नाहीं. पहिल्या पोयीचीं फळें बहुधा गळतातच, हें राखणदारानें तेव्हांच सांगून टाकलें. बंधूंनींही वही मिटतांना म्हटलें, “बावीस पोयांवर विजेचें बिल निघणार नाहीं.” तें खरेंच आहे. आणखी एक अडचण आहे, ती कोणाच्या हिशेबांत अजून आलेली नाहीं. जुन्या आगरांत सुपारी काढणारा गडी एकदां पायांस दोरीचा फांस लावून वर चढला, कीं शेंड्याशींच झाड वांकवून शेजारचें झाड पकडी, आणि अशा वीस-पंचवीस पोफळी करून मगच जमिनीवर येई. लहानपणीं आम्हीं तो खेळ श्वास रोखून पाहिला आहे. त्यासाठीं झाडें सारख्या उंचीचीं व जवळजवळ लागतात. आणि तशीं तीं पुन्हां होतील तेव्हां चढणारा कोण असेल, हें सांगवत नाहीं. ज्या घरांत ही विद्या पिढ्यान् पिढ्या होती, त्या घरांतला मुलगा आज माणगांवास गाड्या दुरुस्त करतो. त्याची मिळकत चांगली आहे आणि हाडें शाबूत आहेत. त्यानें परत यावें असें आम्ही कोणत्या तोंडानें म्हणावें?

तृतीयेस चैत्रगौर बसली. पितळी पाळण्यांत गौर, भोंवतीं कलिंगडाचीं फुलें कापून मांडलेलीं, आंब्याची डाळ व पन्हें. वादळानंतर पांच वर्षांत काकूंनीं हळदीकुंकू केलें नव्हतें. या वर्षीं पाखाडींतल्या सगळ्या बायकांस बोलावणें गेलें. सुवासिनींच्या ओटींत घालण्यास सुपारी मात्र बाजारांतून आणावी लागली. श्रीवर्धनांत बाहेरची सुपारी ओटींत घालावी लागते याबद्दल चार-पांच म्हाताऱ्यांनीं हळहळ केली, आणि त्यांतल्या प्रत्येकीच्या आगरांत किती रोपें उभीं आहेत याची लगेच चौकशीही झाली. एकीकडे सोळा पोया आहेत, एकीकडे तीसच्या वर. आमच्या बावीस ऐकून काकूंस थोडें उणें वाटलें असावें.

रात्रीं पडवींत सर्व चुलत भावंडें बसलीं होतीं. त्या गिऱ्हाइकाचें पत्र पुन्हां आलेलें होतें व तें बंधूंच्या वहींतच होतें. दोघांस आपला वाटा मोकळा करून हवा आहे. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत व त्या आम्हीं ऐकून घेतल्या. शेवटीं बाकीच्यांनीं मिळून त्या दोन वाट्यांची रक्कम तीन वर्षांत फेडावी, आगर एकत्र ठेवावें व शिंपणाचा खर्च बारा नांवांवर वाटून घ्यावा, असें ठरलें. लेखी करण्याचें काम बंधूंवरच सोंपविलें. पत्राचें उत्तरही त्यांनींच द्यावयाचें आहे. काकू या बोलण्यांत नव्हत्या. त्या आंत राखणदाराशीं केळींविषयीं बोलत होत्या. झाडें आतां वाढलीं, केळी पाणी व खत खातात, म्हणून या मृगाआधीं दक्षिणेची रांग काढून टाकावी असें त्याचें म्हणणें. आणखी एक उन्हाळा सावली राहूं द्यावी असें काकूंचें. आम्ही झोंपावयास गेलों तोंवर त्यांचें एकमत झालेलें नव्हतें.